पाण्याचा फेडर

पुराच्या पुढच्या वर्षी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठकडे लाइटचं काम करत होतो. दिवे त्याचे, केबल त्याच्या, टेम्पो त्याचा, चालवायला मी. लग्नं, ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंगं, जयंतीचे कार्यक्रम, नवरात्र, सगळीकडे जायचो. आम्ही राहायला कॅम्प पाचला. घर बौद्ध, त्यामुळे आमच्याकडे गणपती बसत नव्हता, पण वर्षातला माझा सगळ्यात धावपळीचा काळ तोच. त्या दिवसांत मी घरी फक्त आंघोळीला यायचो. आई म्हणायची, "दुसऱ्यांच्या देवाला उजेड दाखवतोस आणि आमच्या मोरीतला बल्ब कधीचा गेलाय."

त्या पावसाळ्यात शेठने मुंबईहून एक सेकंडहँड लाइट कन्सोल, म्हणजे सगळे दिवे एका जागेवरून चालवायचा बोर्ड, आणला. तोवर आमचं काम साध्या डिमरवर चालायचं. एका दिव्याला एक फेडर, म्हणजे वरखाली सरकणारी पट्टी. वर केली की उजेड, खाली आणली की अंधार. नवा बोर्ड शिकवायला नाटकांचं काम केलेला एक माणूस आला होता. तो आम्हाला अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये घेऊन गेला. शेठ तिथेच स्टेजची लोखंडी कामं करून घ्यायचा.

त्याने बोर्डाला एक कॉम्प्युटर जोडला, प्रोजेक्टर जोडला आणि कसलीशी एक पेटी जोडली. मला म्हणाला, पहिला फेडर वर कर. दिवा लागला. दुसरा केला तर समोरच्या भिंतीवर समुद्राच्या लाटा आल्या. तिसरा अर्ध्यावर नेला तर लाटा हळू झाल्या, पूर्ण खाली आणला तर लाट फुटता फुटता हवेतच उभी राहिली. मला गंमत वाटली. मग तो म्हणाला, चौथा. मी पट्टी वर ढकलली आणि माझ्या पाठीमागे खडखडाट झाला. वळून बघतो तर आढ्याला टांगलेली साखळी वर चालली होती आणि तिच्या आकड्याला अडकवलेला लोखंडी पाइप जमीन सोडून उठत होता. मी घाबरून फेडरवरचा हात काढला. पाइप चालूच. हात काढून तो थांबणार नव्हता, पट्टी खाली आणायला हवी होती, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरली नाही. शिकवणाऱ्यानेच हात पुढे करून ती खाली आणली.

शेठ खूश होता. "देख, एक ही बोर्डमध्ये सगळं," तो त्याच्या नेहमीच्या मिसळीत म्हणाला. "लाइट भी, पिक्चर भी, मोटर भी."

शिकवणारा हसला नाही. "बोर्डाला काही दिसत नाही," तो मला म्हणाला. "तो नुसता आकडा पाठवतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला बल्ब आहे का मोटर, ते तुला ठाऊक पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी मोटरच्या फेडरांवर लाल टेप चिकटवली.

त्या बोर्डाचं पहिलं मोठं काम निघालं ते बदलापूरला, पश्चिमेच्या एका गणपती मंडळात. मंडळाचा अध्यक्ष पतपेढीत नोकरीला होता, हळू बोलणारा, पण ठरवलेलं न सोडणारा. त्याला पुराचा देखावा करायचा होता. आदल्या जुलैत उल्हास नदी गावात शिरली तेव्हा मंडळाची ती गल्ली पहिल्या मजल्याला टेकेपर्यंत बुडाली होती. वर्ष उलटलं तरी भिंतींवर पाण्याची रेघ होती. लोक पुराबद्दल बोलायचे ते फ्रिज, गाद्या, मुलांचे दाखले यांच्याबद्दल. गेलेल्या माणसांबद्दल कोणी आपणहून बोलत नसे.

मांडवात प्लायवूड आणि थर्माकोलची एक गल्ली उभी केली, गुडघ्याएवढ्या घरांची. समोरच्या बाजूला जमिनीवर एक लांब पाइप, त्याला बांधलेलं कापड. मोटर लावली की पाइप वर यायचा आणि कापडाचं पाणी घरांवर चढत जायचं. मी कॅम्पातून चकचकीत निळं कापड आणलं होतं. अध्यक्षाने ते परत पाठवलं. "पुराचं पाणी निळं नसतं," तो म्हणाला. मग चहाच्या रंगाचं आणलं. एका रुळावरून होडी सरकायची, एका घराचं पत्र्याचं छप्पर उचललं जायचं, आणि या सगळ्याच्या मागे मोठ्या पडद्यावर पुराचं खरं चित्रण. दिवे, चित्र, पाणी, होडी, छप्पर, सगळं एका बोर्डावरून, मी एकटा चालवणार. सोबत रेकॉर्ड केलेलं निवेदन.

चित्रण दिलं होतं गल्लीतल्याच एका फोटोग्राफरने. त्याचा तिथे स्टुडिओ होता, लग्नाच्या शूटिंगा करायचा. पाणी शिरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गच्चीवर अडकला होता आणि हातात कॅमेरा असल्यामुळे शूट करत बसला होता. त्यातले तुकडे त्याने सीडीवर घालून दिले, आवाज काढून, कारण वर निवेदन येणार होतं.

त्यातला एक तुकडा मला सगळ्यात चांगला वाटला. गल्लीत कमरेएवढं पाणी आहे. एक माणूस डावीकडून येतो. काखेत छत्री, आणि कारखान्यात घालतात तसले जाड बूट, नाड्यांनी एकमेकांना बांधून गळ्यात अडकवलेले. एका फाटकापाशी थांबतो, घराकडे बघतो, मग मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतो. काहीतरी बोलतो. हात वर करतो आणि वळून निघून जातो. चेहरा स्वच्छ दिसत होता. मी वेगाचा फेडर अर्ध्यावर ठेवून तो तुकडा लांबवला, म्हणजे बघणाऱ्यांना तो चेहरा नीट दिसेल. तो हात वर करतो तिथे पाण्याची मोटर लावली. पडद्यावर माणूस वळतोय आणि खाली कापडाचं पाणी चढतंय. निवेदक म्हणायचा, पाण्याने कुणालाही सोडलं नाही. पहिल्याच दिवशी त्या जागी मांडव एकदम शांत झाला. अध्यक्षाने माझ्या पाठीवर थाप मारली.

तिसऱ्या संध्याकाळची गोष्ट. बायकांची रांग सोडली होती. त्या दोरीच्या अलीकडे दाटीवाटीने उभ्या होत्या. मी मांडवाच्या मागच्या टोकाला, उंच टेबलावर. मला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसत. तो तुकडा आला. माणूस फाटकापाशी थांबला, वर बघितलं, हात वर केला. मी पाण्याचा फेडर वर नेला. पाइप उठला.

आणि एक बाई दोरीखालून वाकून आत गेली.

ओरडली नाही, काही नाही. आधी मला वाटलं, कुणाचं पोर आत गेलंय, ते आणायला निघाली असेल. ती सरळ चालत पडद्याकडे निघाली. पाइप तिच्या गुडघ्याला लागला, तिने तो ओलांडला आणि कापडाच्या आत उतरली. कापड तिच्याभोवती चढत होतं. डावीकडून होडी सुटली होती, लोखंडी रुळावरून, मोटरच्या जोराने, आणि ती थेट तिच्या पायांवर येत होती.

शेडमधला तो पाइप मला आठवला असं आज मी म्हणेन, पण तेव्हा काही आठवलं नाही. मी दोन्ही हातांनी उजवीकडचे सगळे फेडर एकदम खाली ओढले. पाणी थांबलं, होडी तिच्या पोटरीपासून वीतभर अलीकडे थांबली. मोटरच्या शेजारचाच फेडर वेगाचा होता, तोही खाली आला होता. त्यामुळे पडद्यावरचा माणूस हात वर केलेला तसाच उभा राहिला.

निवेदन मात्र चालूच होतं. अध्यक्षाने धावत जाऊन ते बंद केलं.

ती पडद्यापाशी पोचली. प्रोजेक्टर समोरून होता, त्यामुळे तिची सावली त्या माणसावर पडली आणि तो दिसेनासा झाला. ती बाजूला सरकली. तो परत दिसायला लागला. तिने पडद्यावरच्या त्याच्या बुटांना बोट लावलं.

अध्यक्ष आत गेला. "वहिनी, बाहेर या. मोटर आहे इथे."

ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "हे आहेत."

"कोण?"

"आमचे हे."

अध्यक्षाने पडद्याकडे पाहिलं. मग त्याने जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो त्या थर्माकोलच्या घरांमध्ये मटकन खाली बसला.

रांग बाहेर काढली. बायका कुजबुजत गेल्या. दोघी-तिघी शेजारणी थांबल्या, त्यांच्याकडून आणि अध्यक्षाकडून मला तुकड्यातुकड्याने कळलं. तिचं घर गल्लीच्या टोकाला. नवरा अंबरनाथला कारखान्यात. पुराच्या संध्याकाळी गाड्या बंद पडल्यावर तो चालत निघाला, हे त्याच्याबरोबरच्या कामगारांनी सांगितलं होतं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर तो नदीच्या खालच्या अंगाला सापडला. सगळ्यांनी धरलं की अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एखाद्या नाल्यात तो वाहून गेला, घरापर्यंत पोचलाच नाही. घरच्यांनीही तसंच मानलं होतं, म्हणून दोन दिवस पडद्यावर बघूनही कुणाच्या मनात तो आला नव्हता. आणि आता तो तिच्या घराच्या फाटकापाशी हात वर करून उभा होता. दिवसाउजेडी.

मी टेबलावरून उतरून तिच्याजवळ गेलो. तिशीची असेल. तिने मला विचारलं, "दादा, हे इथून पुढे कुठे जातात?"

"ताई, माझ्याकडे एवढंच आहे. इथे कापलंय."

"काहीतरी बोलतायत."

"आवाज काढून टाकलाय. मूळ कॅसेटवर असेल."

तिने अध्यक्षाकडे पाहिलं. "मला ती कॅसेट बघायचीय. आणि हे येतील का?" ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "यांना थांबवता येतं."

तिला कसं सांगू की कॅसेट कुठल्याही मशीनवर थांबते, त्याला माझी गरज नाही. मी हो म्हणालो.

मंडळाने त्या दिवशीचे पुढचे खेळ रद्द केले. फोटोग्राफर एका लग्नाच्या शूटिंगला कर्जतला गेला होता. त्याला फोनवर फक्त एवढंच सांगितलं की पुराची मूळ कॅसेट काढून ठेव. मी घरी आलो. आई भाकऱ्या थापत होती. मी सांगायला लागलो तसा तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी जळाली तरी ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "तिला एकटीला बघायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टुडिओत जमलो. ती, अध्यक्ष, मी आणि फोटोग्राफर. फोटोग्राफर माझ्याच वयाचा. तिच्या नवऱ्याला तो चांगला ओळखत होता, पण गळ्यात बूट, अंगाला चिकटलेले कपडे, वाढलेली दाढी, आणि शूट करताना पूर्ण गल्लीवर लक्ष. त्याने त्याला ओळखलंच नव्हतं. पुढे तुकडे कापतानाही नाही. हे तो आल्यापासून पुन्हा पुन्हा सांगत होता. "वहिनी, आईशपथ, माझ्या लक्षातच आलं नाही." ती स्टुलावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

कॅमेरा टीव्हीला जोडला. मी बटणापाशी बसलो.

आधी नुसता पाण्याचा आवाज. इतका मोठा की फोटोग्राफरने दचकून आवाज कमी केला. तिने हाताने खूण केली, राहू दे. गच्चीवरचे लोक बोलत होते, कुठेतरी कुत्रं रडत होतं. मग तो आला. आवाजासकट तो वेगळाच माणूस वाटला. मी त्याला आतापर्यंत हळू चालताना पाहिलं होतं, आणि तो हळू मीच केला होता. खरा तर तो घाईत होता. पाणी ढकलत, धापा टाकत येत होता. फाटकापाशी थांबला. घराला कुलूप होतं, ते पाण्याच्या वर जेमतेम दिसत होतं. त्याने मान वर केली.

"आमच्या घरातली कुठं गेली?" टीव्हीतून आवाज आला.

स्टुलावर ती ताठ झाली.

आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, मोठ्याने, स्वच्छ, दुसरा आवाज आला. "शाळेत नेलंय सगळ्यांना. नदीकडच्या शाळेत."

तो हात वर करतो. बरं, अशा अर्थाने. आणि वळून निघून जातो, शाळेच्या दिशेने.

मी थांबवलं. कुणी थांबव म्हणालं नव्हतं.

नदीकडच्या शाळेचा रस्ता सखल. पुराच्या संध्याकाळी पहिल्या लोकांना तिकडे नेलं होतं हे खरं, पण पाणी वाढलं तसं रात्रीतच ती शाळा रिकामी केली होती. ती आणि तिची दोन मुलं त्या सकाळी शाळेत नव्हती. ती मागच्याच इमारतीत होती, दुसऱ्या मजल्यावर, ओळखीच्यांकडे. फक्त त्या घराची खिडकी गल्लीकडे उघडत नव्हती.

दुसरा आवाज कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याचाच तो. मी फोटोग्राफरकडे बघितलं. तो टीव्हीकडे बघत होता, तोंड थोडं उघडं, स्वतःलाच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा. मला वाटतं, तसंच होतं. त्या सकाळी त्याने गच्चीवरून कितीजणांना काय काय सांगितलं असेल. तुकडे कापताना आवाज बंदच ठेवला होता.

"परत लावा," ती म्हणाली.

मी परत लावलं. ती गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकली. तो बोलला, हा बोलला, त्याने हात वर केला.

"परत."

तिसऱ्या वेळी अध्यक्ष उठून बाहेर गेला. काचेच्या दारातून तो पाठमोरा दिसत होता, रस्त्याकडे तोंड करून.

"ऐकू गेलं त्यांना," ती म्हणाली. कुणाशी बोलत होती ते कळलं नाही. "नीट ऐकलं. घरातून निघताना पण हात असाच करतात." मग म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटलं आम्ही ठीक आहोत."

फोटोग्राफर पुढे आला. "वहिनी, मला खरंच वाटलं की तुम्ही..."

"आत्ता मला काही बोलू नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो जिथे होता तिथेच उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखा. मीही कॅमेऱ्याच्या बटणाकडे बघत बसलो. मी त्या माणसाला तीन दिवस, दर खेळाला, एकेका फेडरने चालवत होतो, थांबवत होतो, पाण्यात घालत होतो. बोर्डाला काही दिसत नाही हे ठीक. मलाही दिसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर अध्यक्ष तिला म्हणाला, "वहिनी, तो भाग आपण काढून टाकू. देखावाच बंद करू म्हणालात तरी चालेल."

ती चपला घालत होती. "काढू नका," ती म्हणाली. "सासूबाईंना दाखवायचंय." मग माझ्याकडे वळली. "फक्त त्यांच्यावर पाणी नका चढवू, दादा."

त्या संध्याकाळी मी तो क्यू, म्हणजे कुठल्या चित्रावर काय सुरू होणार तो बोर्डावरचा क्रम, नव्याने बांधला. पाण्याची मोटर त्या तुकड्यावरून उचलून पुढच्यावर टाकली, जिथे नुसती छपरं आणि झाडांचे शेंडे होते. चित्राचा वेगही खरा केला, तो जसा चालत होता तसा, घाईघाईने. निवेदकाला बोलावून अध्यक्षाने त्या जागेचं वाक्य काढायला लावलं. तिथे आता काहीच बोललं जात नव्हतं. तो यायचा, फाटकापाशी थांबायचा, वर बघायचा, जायचा. गल्लीत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. लोक त्या तुकड्याला हात जोडायचे. मला ते बघवत नसे, मी बोर्डाकडे बघायचो.

होडीच्या रुळाभोवती मी जाळी लावून घेतली, आणि दोरीपाशी दोन कार्यकर्ते उभे केले.

सासूबाई विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आल्या. जुन्या वळणाच्या, नऊवारी नेसलेल्या, पूर्वी शेती असलेल्या घरातल्या. अध्यक्षाने त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली आणि मांडव रिकामा केला. सून शेजारी उभी. त्यांना सुनेने काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. वर्षभर त्यांचं आणि सुनेचं फारसं बोलणं नव्हतं, एवढं शेजारणींकडून ऐकलं होतं. पुराच्या वेळी त्या गावी होत्या; सून घराला कुलूप लावून निघून गेली, तिने वाट बघायला हवी होती, असं त्या म्हणायच्या.

तुकडा आला आणि गेला. म्हातारी हलली नाही. मी पुढचं काही सोडलं नाही, पडदा काळा केला.

"माझा पोर घरापर्यंत आलता," त्या म्हणाल्या.

"हो," सून म्हणाली.

"आनि तुमालाच शोधत गेला."

"हो, आई."

म्हातारीने सुनेचा हात धरला, उठायला आधार म्हणून असेल, आणि मग तो सोडला नाही. दोघी तशाच बाहेर गेल्या. आवाजाची गोष्ट त्यांना सांगितली होती की नाही, तेव्हा कळलं नाही.

ते नंतर अध्यक्षाकडून कळलं. दिवाळीच्या सुमारास मी त्याच्याकडे मंडळाच्या दुसऱ्या एका कामासाठी गेलो होतो. तो म्हणाला, फोटोग्राफर स्वतःच त्यांच्या घरी गेला. विसर्जन झाल्यावर चारेक दिवसांनी. म्हातारीसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, मी शाळेत म्हणून सांगितलं, मी सांगितलं म्हणून तो तिकडे गेला. म्हातारीने त्याला शिव्या दिल्या. चहा केला नाही. तो तासभर तिथे बसून होता आणि ती मध्येमध्ये शिव्या देत होती. सून आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. शेवटी म्हातारीनेच त्याला विचारलं, चालताना लंगडत होता का रे? पायाला काही लागलं होतं का? तो म्हणाला, नाही, चांगला चालत होता.

फोटोग्राफरने लग्नाच्या शूटिंगा सोडल्या. व्हिडिओ कॅमेरा विकला म्हणे. स्टुडिओ ठेवला, नुसते फोटो.

मी काम सोडलं नाही. शेठने पुढे आणखी मोठा बोर्ड घेतला. कॅम्पातल्या लग्नांत नवरी खालून लिफ्टवर यायची, मागे पडद्यावर तिचे लहानपणीचे फोटो, आणि ते सगळं माझ्या हाताखाली. घरच्यांनी दिलेली प्रत्येक क्लिप मी आधी एकटा, आवाजासकट, शेवटपर्यंत बघायला लागलो. शेठ वैतागायचा. "अरे, शादी का व्हिडिओ है, इसमें क्या देखना." मी त्याला कारण सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरू करायचं हेच कळत नसे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये एका साखरपुड्याचं काम बघायला बदलापूरला गेलो. शाळा सुरू होण्याचे दिवस होते. त्या गल्लीतून जाताना स्टुडिओचं दार उघडं दिसलं. आत ती होती. तिची मोठी मुलगी नव्या युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या घातलेली, निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसली होती. शाळेच्या ओळखपत्राचा फोटो असणार. बदलापुरात फोटोवाल्यांची काही कमी नव्हती, स्टेशनबाहेरच तिघेचौघे होते.

ती भिंतीला टेकून उभी होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. फोटोग्राफर मुलीसमोर वाकला, दोन बोटांनी तिची हनुवटी किंचित उचलली आणि मागे सरला. "इकडे बघ," तो म्हणाला. मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तेव्हा तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

मी आत गेलो नाही.